बेसबॉल कुणाच्या आवाजात ऐकावं? मेट्सचा टीव्ही, जायंट्सचा रेडिओ आणि बाकीचे

एमएलबीचं (अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल लीगचं) अ‍ॅप उघडलं की एकाच सामन्यासाठी निदान चार आवाज समोर येतात: यजमान संघाचा टीव्ही, पाहुण्यांचा टीव्ही आणि दोघांचे रेडिओ. काही सामन्यांना स्पॅनिशही असतं. नवखा माणूस पहिलं दिसेल ते बटण दाबतो आणि अडीच-पावणेतीन तास कुणाच्या तरी हवाली होतो. क्रिकेटमध्ये हे खपून जातं, कारण तिथे मालिका बदलली की समालोचकही बदलतात. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाची माणसं ठरलेली असतात. मोसम 162 सामन्यांचा, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, म्हणजे तोच आवाज जवळपास रोज.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. खेळ कळून घ्यायचा असेल तर न्यू यॉर्क मेट्सचा टीव्ही. हात आणि डोळे दुसऱ्या कामात असतील तर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा रेडिओ. राष्ट्रीय वाहिन्या सर्वांत शेवटी.

एकच फटका, दोन माध्यमं

टीव्ही आणि रेडिओची कामं किती वेगळी आहेत हे पाहायचं तर 15 ऑक्टोबर 1988 चं ध्वनिमुद्रण काढा. वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना, लॉस एंजेलिस. यजमान डॉजर्स 4-3 ने मागे, नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन आउट (तिसऱ्याला डाव संपतो), एक रनर बेसवर (धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर). दोन्ही पायांनी जायबंदी असलेला कर्क गिब्सन बॅटिंगला, समोर ओकलंडचा पिचर (चेंडू टाकणारा) डेनिस एकर्सली, काउंट 3-2 (तीन बॉल, दोन स्ट्राइक; आणखी एक स्ट्राइक म्हणजे आउट).

एनबीसी टीव्हीवर विन स्कली होता. चेंडू उंच उडून उजवीकडे गेला एवढं सांगून तो म्हणाला, ‘शी इज गॉन’. त्यानंतर मिनिटभराहून जास्त वेळ तोंडातून अक्षर नाही. गिब्सन लंगडत, हाताची मूठ आवळून बेस ओलांडतोय, मैदान डोक्यावर घेतलं गेलंय, आणि हे सगळं पडद्यावर दिसतंच आहे. ते ओसरल्यावर स्कली पुन्हा बोलला, तेही मोजकंच.

त्याच क्षणी सीबीएस रेडिओवर जॅक बक सांगत होता: चेंडू खोल उजव्या मैदानात, ही होम रन (चेंडू थेट कुंपणापार) होणार, झाली, डॉजर्स 5-4 ने जिंकले. मध्ये एक ‘अनबिलीव्हेबल’ निसटलं, पण आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही हे त्याचं गाजलेलं वाक्य स्कोअर सांगून झाल्यावरच आलं. आधी चेंडू कुठे, मग निकाल, मग स्कोअर, आणि आश्चर्य सगळ्यांत शेवटी. स्कलीइतका वेळ बक गप्प बसला असता तर गाडीतल्या श्रोत्याने रेडिओ बिघडला म्हणून डॅशबोर्डवर थाप मारली असती.

म्हणून टीव्हीवाल्याला तो काय बोलायचं टाळतो यावरून जोखावं आणि रेडिओवाल्याला तो काय विसरत नाही यावरून.

टीव्ही: मेट्स, जायंट्स, यांकीज

मेट्सच्या एसएनवाय वाहिनीवर 2006 पासून तीच तिघं आहेत: गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग. कोहेन 1989 पासून 2005 पर्यंत मेट्सच्या रेडिओवर होता. त्यामुळे काउंट, आउट आणि रनर सांगायची सवय त्याच्या हाडात आहे. तुम्ही पाच मिनिटं उठून गेलात तरी परत आल्यावर काय चाललंय ते त्याच्या दोन वाक्यांत कळतं. उरलेले दोघे 1986 च्या विजेत्या मेट्स संघातले. हर्नांडेझ फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवरचा फील्डर), फील्डिंगचे 11 गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवलेला. डार्लिंग पिचर. एकच चेंडू दोघं दोन बाजूंनी उलगडतात: पिचरला तो कुठे टाकायचा होता हे डार्लिंग सांगतो आणि फील्डर एक पाऊल आधीच का सरकला हे हर्नांडेझ. कटऑफला (थ्रो मध्येच घेऊन पुढे देणाऱ्या फील्डरकडे) थ्रो चुकला तर हर्नांडेझ स्वतःच्या संघालाही सोडत नाही. नव्या प्रेक्षकाला सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट हीच. आपला संघ म्हणून चुका झाकणारा समालोचक ऐकून खेळ कधीच कळत नाही.

उणीवही आहे. सामना 9-1 असा एकतर्फी झाला की गप्पा कुठल्या कुठे जातात, आणि नवख्याला आपण खेळ ऐकतोय की कट्टा, असा प्रश्न पडतो. शिवाय हर्नांडेझ सगळे सामने करत नाही. तिघं एकत्र असतील तो दिवस निवडा.

जायंट्सच्या टीव्हीवरचे डुएन कायपर आणि माइक क्रुको हे जुने संघसहकारी. ऊब त्यांच्यात जास्त, धार कमी. क्रुको पिचर होता, 1986 मध्ये त्याने 20 सामने जिंकले, त्यामुळे पिचरच्या थकव्याची लक्षणं तो लवकर हेरतो. कायपरच्या अख्ख्या कारकिर्दीत एकच होम रन आहे आणि दोघं त्यावरून अजून हसतात. जायंट्सचे चाहते असाल तर दुसरीकडे जायचं कारण नाही. तटस्थ असाल तर मेट्स.

यांकीजच्या येस वाहिनीवर मायकेल के 2002 पासून आहे, पण त्याच्या शेजारची माणसं बदलत राहतात. डेव्हिड कोन असेल तर जरूर लावा. 1999 मध्ये परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर पोचू न देता अख्खा सामना) टाकलेला हा माणूस चेंडूची फिरकी आकड्यांत सांगतो आणि तरी कंटाळा येऊ देत नाही. कोन नसेल तर यांकीजचा सामनाही प्रतिस्पर्ध्याच्या प्रक्षेपणावर पाहावा.

रेडिओ: जॉन मिलर आणि अंड्याचं घड्याळ

जुना समालोचक रेड बार्बर समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचा, अंडं उकडताना वापरतात ते. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचा. कारण रेडिओ कुणी कधीही लावतो. आजही कुठलाही रेडिओवाला याच कसोटीवर घासून पाहा: सामना मध्येच लावा, मोबाइलवर वेळ लावा आणि स्कोअर, इनिंग, आउट, बेसवरचे रनर हे चारही किती वेळात कळतं ते बघा. तीन मिनिटांच्या वर गेलं तर पुढचा आवाज.

जॉन मिलर 1997 पासून जायंट्सच्या रेडिओवर आहे. त्याआधीपासून, 1990 ते 2010, ईएसपीएनचा रविवार रात्रीचा सामनाही तोच करायचा. या कसोटीवर तो सहज उतरतो, पण त्याचं खरं बळ फ्लाय बॉलमध्ये आहे. चेंडू हवेत गेला की कच्चा समालोचक चेंडूकडे बघून आवाज चढवतो आणि मग फील्डर आरामात झेल घेतो. मुरलेला माणूस आउटफील्डरकडे बघतो: तो मागे वळून धावतोय, की थांबून ग्लव्ह वर करतोय? मिलरचा आवाज फील्डरच्या पावलांबरोबर चढतो, त्यामुळे निकाल कळायच्या अर्धा सेकंद आधी तुम्हाला अंदाज येतो. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं धावतं वर्णन ऐकलेल्यांना मिलरशी जुळवून घ्यायला वेळ लागणार नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला यांकीजचा जॉन स्टर्लिंग, 1989 ते 2024. उंच, दूर, गेला अशी त्याची होम रनची घोषणा न्यू यॉर्कमध्ये पोरांनाही पाठ. प्रत्येक खेळाडूच्या नावाचं वेगळं यमक वर. अडचण एवढीच की घोषणा आधी सुरू व्हायची आणि कधी कधी चेंडू कुंपणाच्या अलीकडेच पकडला जायचा. करमणूक म्हणून उत्तम, माहिती म्हणून बेभरवशाचं. 2025 पासून तिथे डेव्ह सिम्स आहे, सिअ‍ॅटलच्या टीव्हीवरून रेडिओवर आलेला.

शिकागो कब्जच्या पॅट ह्यूजचं एक वैशिष्ट्य सांगायलाच हवं. दोन्ही संघांचे गणवेश तो रोज वर्णन करून सांगतो: टोपी, पट्टे, अक्षरांचा रंग. ऐकायला फालतू वाटतं, पण डोळे मिटून सामना दिसायला लागतो तो तिथूनच.

2023 मध्ये पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा) आल्यापासून रेडिओची कसरत वाढली आहे. बेस रिकामे असतील तर पिचरला 15 सेकंद. नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली. पूर्वी दोन चेंडूंच्या मध्ये किस्सा बसायचा, आता अर्ध्यात तुटतो. मिलरसारखे जुने लोक किस्सा तीन बॅटरांवर पसरून सांगतात. नवे बरेच जण किस्साच गाळून आकडे वाचतात, आणि ते ऐकायला रूक्ष लागतं.

जोडणी आणि वेळा

चित्र टीव्हीचं आणि आवाज रेडिओचा हवा असेल तर एमएलबी टीव्हीच्या प्लेअरमध्ये ऑडिओचा पर्याय उघडून यजमान किंवा पाहुण्यांचा रेडिओ निवडा. प्रत्येक उपकरणावर तो पर्याय दिसतोच असं नाही. दोन वेगळ्या यंत्रांवर लावलंत तर मेळ बसत नाही, एक पुढे पळतं. जे पुढे असेल तेच थांबवायचं. बॅटचा टक्क आवाज ऐका, चित्रात बॅट लागेपर्यंत रेडिओचं अ‍ॅप पॉज करा आणि मग सोडा. गाडीतला साधा रेडिओ पॉज होत नाही, त्यामुळे त्याच्याशी टीव्ही जुळवायच्या भानगडीत पडू नका.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी ब्लॅकआउट तपासावा. स्थानिक संघाचं चित्र अ‍ॅपवर अडवलेलं असू शकतं, आयोवा राज्यात तर अनेक वर्षं सहा संघांचं अडवलेलं असायचं. अ‍ॅपमधल्या रेडिओला हे बंधन नाही. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) जायंट्सचा रेडिओ सुचवण्याचं तेही एक कारण.

पुण्या-मुंबईतून ऐकणाऱ्यांसाठी वेळेचं गणित वेगळं. मेट्सचा घरचा रात्रीचा सामना 7:10 ला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे 4:40. जायंट्सचा 6:45 चा सामना सकाळी 7:15 ला लागतो, नेमका ऑफिसच्या प्रवासात. लोकलमध्ये व्हिडिओ अडखळतो, नुसता ऑडिओ त्या मानाने टिकतो.

ऑक्टोबर

प्लेऑफ (मोसमानंतरचे बाद फेरीचे सामने) सुरू झाले की संघांचे टीव्ही समालोचक घरी बसतात, हक्क राष्ट्रीय वाहिन्यांकडे जातात. फॉक्सवर 2022 पासून जो डेव्हिस आणि जॉन स्मोल्ट्झ वर्ल्ड सीरिज करतात. डेव्हिस एरवी डॉजर्सचा माणूस, स्कलीच्या जागी आलेला. 25 ऑक्टोबर 2024 ला फ्रेडी फ्रीमनने दहाव्या इनिंगमध्ये ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर रनर असताना होम रन) मारून सामना संपवला तेव्हा त्याने ‘गिबी, मीट फ्रेडी’ (गिबी म्हणजे गिब्सन) म्हणत 1988 ची तार छेडली. तो क्षण त्याने उत्तम पकडला. पण एरवी राष्ट्रीय जोडी दोन्ही संघांची ओळख रोज नव्याने करून देत बसते, आणि सहा महिने एक संघ ऐकलेल्याला त्यात नवं काही मिळत नाही.

संघांच्या रेडिओवाल्यांना मात्र ऑक्टोबरमध्येही सुट्टी नाही. ते आपल्या स्टेशनवर शेवटच्या आउटपर्यंत असतात. तेव्हा मेट्सच्या तिघांची सवय लागली असेल तर सप्टेंबरमध्येच त्यांच्या रेडिओवरच्या हाउवी रोझला दोन-चार सामने देऊन ठेवा.