लपणारं फुलपाखरू की मिरवणारं?

सह्याद्रीतलं ओकलीफ पंख मिटून बसलं की हुबेहूब वाळकं पान: मधली शीर, बुरशीचे डागसुद्धा! पण उडालं की आतला निळा रंग उघडा पडतो. पक्ष्यांची नजर एका नमुन्याला सरावली की तेच भक्ष्य ते भराभर टिपतात. म्हणून प्रत्येक ओकलीफची ‘पानं’ थोडी वेगळी असणं मला फार मोलाचं वाटतं.

बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर, मात्र भर उन्हात संथ उडतो. अळीपणी खाल्लेल्या रुईचं विष अंगात, आणि चिवट शरीर चोचीतूनही बचावतं. पक्षी एकदा थुंकला की तो भडक केशरी रंग टाळायला शिकतो.

माझं मत कडव्याच्या बाजूनं: त्याला उडतानाही संरक्षण आहे.