‘लाईफ’मधली मानामी: नुसता मत्सर म्हणून भागत नाही

केइको सुएनोबूंची ‘लाईफ’ ही जपानी चित्रकथा-मालिका (मांगा) वाचणारे बहुतेकजण तिच्यातल्या, वर्गमैत्रिणीचा छळ करणाऱ्या मानामी आन्झाईला एका शब्दात निकालात काढतात: मत्सर. मित्र दुसरीच्या मागे लागला म्हणून पोरगी चवताळली, झालं. हे चूक नाही, पण तेवढ्यावर थांबलं तर या मालिकेतलं सगळ्यात बारीक काम नजरेतून निसटतं.

आधी मालिकेविषयी थोडक्यात. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘बेस्सात्सु फ्रेंड’ या मुलींच्या मासिकात ती २००२ ते २००९ या काळात चालली. एकूण खंड २०. २००६ मध्ये तिला शोजो (मुलींसाठीच्या मांगा) गटातला कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला आणि २००७ मध्ये फुजी टीव्हीने त्यावर मालिका केली. बाहेरून पाहिलं तर मोठे डोळे, नाजूक हनुवट्या, शाळेचा गणवेश. म्हणजे प्रेमकथेचाच सगळा सरंजाम. आत मात्र पहिल्याच खंडात एक मुलगी स्वतःच्या मनगटावर कटर फिरवते. अशा दृश्यांचा त्रास होणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं, कारण सुएनोबू तिथे कॅमेरा बाजूला वळवत नाहीत. पुढे लैंगिक जबरदस्तीही आहे.

ती मुलगी आयुमु शिइना. जिवलग मैत्रीण शिनोझुका हिच्यासोबत एकाच हायस्कूलमध्ये जायचं म्हणून ती जीव तोडून अभ्यास करते. परीक्षेत आयुमु पास होते, शिनोझुका नापास, आणि मैत्री तिथेच तुटते. नव्या शाळेत आयुमु येते ती ‘माझ्यामुळे लोक दुखावतात’ ही खूणगाठ बांधूनच. कोणालाही नाही म्हणायचं नाही, हे तिने स्वतःवर घालून घेतलेलं बंधन. मानामी तिला लगेच जवळ करते. गोड, लाडिक, सगळ्यांची आवडती मानामी. ती निवडही सहज झालेली नाही. मानामीला मैत्रिणी लागतात त्या होकार देणाऱ्या, आणि आयुमु होकार द्यायला टेकलेलीच आहे.

आता मुख्य प्रसंग. मानामीचा मित्र कात्सुमी तिला सोडतो आणि ती जीव द्यायला निघते. आयुमु तिला अडवते, तुमचं पुन्हा जुळवून देते असा शब्द देते आणि कात्सुमीकडे विनवणी करायला जाते. पुढे कात्सुमी आयुमुवरच हात टाकतो, तिचे फोटो काढून तिला धमकावत राहतो. मानामीच्या कानावर आणि डोळ्यावर येतं ते एवढंच, की आयुमुने आपला मित्र पळवला.

मत्सरवाले इथे थांबतात. पण आयुमु ही वर्गातली एकमेव मुलगी आहे जिने मानामीला पार कोलमडलेलं पाहिलंय. बाकी सगळ्यांना ठाऊक असलेली मानामी हसरी, हवीहवीशी, कोणी सोडून जावं अशी नव्हेच. आयुमुला मात्र माहीत आहे की तिला सोडलं गेलं होतं आणि मैत्रिणीच्या मध्यस्थीने तो परत आणावा लागला. अशा साक्षीदाराला नुसतं दूर करून भागत नाही. तिच्या शब्दाला वर्गात काडीची किंमत उरू नये, अशी सोय करावी लागते. मानामीचा छळ नेमका याच दिशेने जातो. मार नंतर येतो, आधी आयुमुची पत जाते. आयुमु खोटारडी, आयुमु पोरं पळवणारी, हे एकदा ठरलं की ती कात्सुमीबद्दल खरं सांगायला गेली तरी ऐकणार कोण?

‘दादागिरी करणाऱ्यांचा आत्मविश्वास मुळात कमी असतो’ हे वाक्य अशा पात्रांना सरसकट चिकटवलं जातं. मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेला मुद्दा याच्या उलट होता: स्वतःबद्दलचं मत चढं असतं आणि त्याला धक्का बसतो, तिथे आक्रमकता उफाळते. मानामीला हे माप जास्त बसतं. ती स्वतःला कमी लेखत नाही. श्रीमंत बापाच्या घरात तिला नकाराची सवयच लागलेली नाही. त्यात कात्सुमीचे वडील तिच्या वडिलांच्या हाताखाली काम करतात, म्हणजे त्याला मानामीपेक्षा सासरा जास्त हवाय. तिच्या आयुष्यातलं ‘प्रेम’ असं वडिलांच्या खुर्चीवर उभं आहे, आणि तोल जातोय असं वाटलं की ती हातात येईल ते ओढते.

तिची हत्यारंही नीट बघावीत. पहिलं हत्यार रडणं. मानामी रडली की वर्ग आपोआप दोन भागांत विभागतो: तिला सावरणारे आणि आयुमुकडे रोखून बघणारे. तिने काही मागावंही लागत नाही. निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९९५ मध्ये ज्याला रिलेशनल अ‍ॅग्रेशन म्हटलं, म्हणजे नात्यांचाच शस्त्रासारखा वापर, त्याचा हा वस्तुपाठ. अफवा, वाळीत टाकणं, ‘तू तिच्याशी बोललीस तर...’ हे सगळं त्यातच येतं.

दुसरं हत्यार वर्ग. जपानी समाजशास्त्रज्ञ योजी मोरिता यांनी १९८६ मध्ये इजिमेचे, म्हणजे शाळेतल्या छळाचे, चार थर सांगितले: सोसणारा, छळणारा, मजा बघत हसणारे आणि गप्प राहणारे. ‘लाईफ’ वाचताना मानामीच्या चौकटीवर फार वेळ घालवू नका, मागच्या बाकांवरचे चेहरे बघा. कोण हसतंय, कोणी वहीत डोकं घातलंय, कोण हसतेय पण डोळ्यांत धास्ती आहे. ती धास्ती खरी आहे, कारण मानामीच्या टोळीत आतली जागाही कायमची नसते. सुएनोबू मानामीचा तोच चेहरा दोन तऱ्हांनी काढतात: लोकांसमोर बाहुलीसारखा गुळगुळीत आणि एकांतात किंवा संतापात दातओठ, शिरा, वटारलेले डोळे. बदल इतका अचानक होतो की पान पुन्हा मागे उलटून बघावंसं वाटतं. शब्दांत कुठेही न सांगितलेलं विश्लेषण इथे रेषेत आहे.

आता खटकणाऱ्या गोष्टी. कात्सुमी हा माणूस वाटत नाही, गरजेपुरता सैतान वाटतो. मानामीला जेवढं अस्तर आहे त्याच्या निम्मं जरी त्याला मिळालं असतं तरी चाललं असतं. मधल्या खंडांत मानामी शाळेबाहेरच्या टवाळ पोरांना हाताशी धरते आणि कथा गुन्हेगारीकडे सरकते. थरार वाढतो, पण मानसशास्त्र पातळ होतं. वर्गातल्या एका कुजबुजीने जे साधत होतं, त्यासाठी आता कोंडून घालणं लागतं. डोळे मिटून घेणारी मोठी माणसंही काही ठिकाणी फारच सोयीची वाटतात. याउलट वर्गातलीच मिकी हातोरी उत्तम उतरली आहे. मानामीचं रडणं तिच्यावर चालत नाही, कारण वर्गाच्या पसंतीची तिला गरजच नाही. मानामीची सत्ता कशावर चालते हे हातोरीकडे पाहून जितकं कळतं तितकं खुद्द मानामीकडे पाहूनही कळत नाही.

पहिले तीन-चार खंड सलग वाचावेत, मग पहिल्या खंडातली मानामी-आयुमुची मैत्री पुन्हा उघडावी. लाडिकपणातली मालकी तेव्हा दिसते. पुढे एकदम वाचायची घाई नको, छळाचे प्रसंग ओळीने आले की मन बधिर होतं आणि बारकावे सुटतात. आणि एक व्यवहाराची गोष्ट: टोक्योपॉप या प्रकाशकाची इंग्रजी आवृत्ती नवव्या खंडावर थांबली. वर्ग मानामीवर उलटतो तो भाग त्याच्या बराच पुढे आहे. तेवढेच नऊ खंड हाताशी असतील तर मानामी जिंकतानाच दिसेल.