दोन पिनांचा मॉइश्चर मीटर: मार्च ते ऑक्टोबर, घरं तपासताना

हा मीटर भिंतीतलं पाणी मोजत नाही. दोन पिनांच्या मधून वीज किती सहज जाते तेवढंच तो मोजतो, आणि त्याचे आकडे लाकडासाठी जुळवलेले असतात. प्लास्टरवर 22 दिसलं म्हणजे भिंतीत 22 टक्के पाणी आहे असं धरू नका. ठाण्यात घोडबंदर रोडवरचे टॉवर, नवी मुंबईत नेरूळ-सानपाड्यातल्या जुन्या इमारती आणि उलव्यातली नवी घरं अशा तिन्ही ठिकाणी आठ महिने वापरल्यावर आमचं मत असं: आकडा एकटा पाहिला तर मीटर फसवतो, पण भिंतीचा नकाशा काढला तर लीकेजचा उगम बऱ्याचदा सापडतो.

आधी त्याच घरातली, त्याच प्लास्टरची, पाण्याच्या लाइनपासून लांबची भिंत निवडा आणि तिथे पाच ठिकाणी पिना टोचा. तो झाला कोरडा आकडा. मग संशयित भिंतीवर दर फुटाला, जमिनीपासून 10, 30, 60 आणि 90 सेंमी उंचीवर रीडिंग घ्या आणि पेन्सिलने भिंतीवरच लिहा. जिप्सम पनिंग (भिंतीवरचा जिप्समचा गुळगुळीत थर) आणि सिमेंट प्लास्टर यांची तुलना एकमेकांशी करायची नाही, दोन्हींचे आकडे वेगळेच येतात.

नकाशा वाचायला शिकलं की बरंच कळतं. बाथरूमच्या मागच्या बेडरूममध्ये स्कर्टिंगपाशी आकडा जास्त आणि वर जाताना कमी होत असेल तर पाणी बाथरूमच्या जमिनीतून येतंय: बुडीत स्लॅबमधलं (बाथरूमखाली खोलगट ठेवलेल्या स्लॅबमधलं) वॉटरप्रूफिंग, नहाणी ट्रॅपचा (जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा) जोड किंवा उंबऱ्याची दोन टोकं. उंबऱ्याच्या टोकांकडे फार कमी लोक पाहतात. ग्रॅनाइटची पट्टी चौकटीला टेकते तिथे फट राहते, रोजचं पाणी तिथून बाहेर झिरपतं आणि दाराचा खालचा भाग फुगतो. भिंतीच्या मध्यावर, वर-खाली कोरडं आणि मधे गोल ओला पट्टा असेल तर कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेल्या, पाइपचा संशय घ्या. बीमच्या खाली आडवी ओली रेघ दिसली तर बाहेरून बीम आणि ब्लॉकवर्कच्या सांध्यात भेग असते. काँक्रीट आणि ब्लॉक उन्हाने सारखे ताणत-आकसत नाहीत, म्हणून जाळी न लावलेलं प्लास्टर तिथेच तडकतं. एसीच्या खाली उभा ओला पट्टा असेल तर पाइपची गळती शोधण्याआधी ड्रेन पाइपचा उतार पाहा. भिंतीत गाडलेला, नीट उतार नसलेला ड्रेन हा नव्या टॉवरमध्ये वारंवार दिसणारा दोष आहे.

खिडक्यांसाठी पावसाळा हवाच. इथे पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंती आधी तपासा. खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आकडा चढला तर सिलचा उतार घराकडे आहे का, आणि स्लायडिंगच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं सिमेंटने बुजलीत का ते पाहा. दुसरं कारण काडीने दोन मिनिटांत सुटतं.

पुरवठ्याची लाइन गळते की सांडपाण्याची, हे मीटर एकदा लावून कळत नाही. घर बंद असेल तर आतला व्हॉल्व्ह बंद करून आठ-दहा दिवसांनी त्याच खुणांवर पुन्हा रीडिंग घ्या. व्हॉल्व्ह चालू असताना, बाथरूम वापरात नसूनही आकडा उतरत नसेल तर पुरवठ्याच्या लाइनकडे बघा. जमिनीवर संशय असेल तर नहाणी ट्रॅपचं तोंड बुजवून 25 मिमी पाणी भरा, पातळीची खूण करा, 24 तास ठेवा आणि खालच्या घराचं छत तपासा. आधी खालच्यांना सांगून ठेवा.

मीटर कुठे चुकतो? खार फुटलेल्या भिंतीवर. जुन्या इमारतींत पांढरी पावडर दिसते तिथे क्षारांमुळे वीज सहज वाहते आणि भिंत कोरडी असतानाही आकडा चढतो. ब्रशने झाडूनही उपयोग नाही, क्षार प्लास्टरच्या आत असतात. तिथे फूटभर लांब-रुंद प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून 24 तास ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल आतून आहे; खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे. धातूच्या कॉर्नर बीडवर (भिंतीच्या कडेला प्लास्टरमध्ये बसवलेल्या पट्टीवर) रीडिंग घेऊ नका. नव्या प्लास्टरवरचा मोठा आकडा बांधकामाचं उरलेलं पाणीही असू शकतो, त्यावरून लगेच लीकेजचा ठपका ठेवू नका. आणि पिना जेमतेम काही मिलिमीटर आत जातात, त्यामुळे नुकताच डॅम्पप्रूफ रंग मारलेला पट्टा निर्दोष दिसतो. एकाच भिंतीवर एवढाच ताजा रंग असेल तर आम्ही तो संशयितच धरतो.

छज्जा आणि बाथरूमच्या छताला मीटर नको, छोटी हातोडी हवी. सळई गंजली की गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते आणि काँक्रीट सळईच्या रेषेत फुटतं. पोकळ आवाज आला की पुट्टी भरून झाकू नये, पुढच्या पावसाळ्यात तीच भेग परत येते. सैल काँक्रीट काढून, सळई तारेच्या ब्रशने साफ करून, गंजरोधक लेप आणि पॉलिमर मॉर्टर लावावं लागतं. बीम किंवा कॉलम असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याच हातोडीचा दांडा टाइल्सवर हलका ठोका. कोपरे पोकळ वाजले तर खाली मसाल्याचे फक्त गोळे ठेवलेत, कपाटाचा पाय आला की टाइल फुटते.

देखभालीत बॅटरी सांभाळा, ती उतरली की आकडे भटकतात. झाकणावर तपासणीचे बिंदू असतील तर रोज सुरुवातीला पिना त्यावर टेकवून बघा. वाकलेली पिन लगेच बदला.

ताबा नवा असेल तर रीडिंग लिहिलेल्या भिंतीचा तारखेसह फोटो काढून बिल्डरला लेखी तक्रार द्या. रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांत आढळलेला बांधकामाच्या दर्जाचा दोष कळवल्यापासून 30 दिवसांत त्याने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. फोटोत कोरड्या भिंतीचा आकडाही घ्या, नाहीतर 'मीटरच खराब आहे' हे उत्तर ठरलेलं.