फोल्डर की लेबल?

उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपला ईमेल-ग्रुपचे मेल (एका पत्त्यावर पाठवला की सगळ्या सभासदांना जातो, तसे) इतके येतात, की गिऱ्हाइकाची ऑर्डर त्यातच बुडते. आउटलुकमध्ये नियम लावला की मेल थेट फोल्डरमध्ये जातो. पण कास्टिंगचा दर आणि जीएसटी एकाच मेलमध्ये आले, तर ठेवायचा कुठल्या फोल्डरला? इथं जीमेल सरस. तिथं २००४ पासून लेबलंच आहेत, म्हणजे मेलला लावायच्या नावाच्या चिठ्ठ्या. एकाच मेलला दोन-चार चिकटवा. फिल्टर, म्हणजे जीमेलमधला तसाच नियम, मात्र विषयावर नको, ग्रुपच्या पत्त्यावर लावा. विषय लोक मनाला येईल तसा लिहितात. आणि फिल्टरमधलं ‘इनबॉक्स वगळा’ जपून! ते निवडलं की मेल इनबॉक्समध्ये दिसतच नाही. त्या नादात माझं एक टेंडर हुकलंय. आमच्या दिवाणजींना अजून फोल्डरच बरा वाटतो, फायलींच्या कपाटासारखा.