कॅल्विन की वेस्ली: तारणाबाबत कुणाचं ऐकावं?

दोन्ही बाजू ठाऊक आहेत पण मन एका जागी बसत नाही, अशांसाठी हे लिहितोय. तारण म्हणजे पापातून सुटका. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन म्हणतो, कुणाला तारायचं ते देवच आधी निवडतो, आणि निवडलेला कायमचा गळत नाही. अठराव्या शतकातला, मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक वेस्ली म्हणतो, कृपा सगळ्यांसाठी आहे, पण माणूस ती नाकारू शकतो. कॅल्विनची बाजू उचलून धरणाऱ्या डॉर्टच्या परिषदेचे पाच मुद्दे तुम्हाला माहीत असणारच, ते पुन्हा उगाळत नाही.

इंदुरात हा वाद नुसता पुस्तकी नाही. इथे १८७७ पासून कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम, १८८७ चं ख्रिश्चन कॉलेजही त्यांचंच. म्हणजे वारसा कॅल्विनचा. बडोद्याला मावशीकडे गेलो की तिथली मंडळी, म्हणजे चर्च, मेथडिस्ट, तिथे वेस्ली. १९७० मध्ये उत्तर भारतातल्या बऱ्याच मंडळ्या एक झाल्या, पण अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट वेगळेच राहिले. त्यामुळे आमच्या घरच्या लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीलाही हा विषय निघतो.

आपल्याकडच्या वैष्णवांनी हाच पेच मांजर आणि माकडावरून मांडलाय. मांजर पिलाला तोंडात धरून नेतं, पिलू काहीच करत नाही. माकडाचं पिलू आईला घट्ट धरून ठेवतं. कॅल्विन सरळ मांजराच्या बाजूचा. वेस्लीला मात्र माकडाकडे ढकलू नका, लोक तिथेच गफलत करतात. पापात पडलेला माणूस आपल्या बळावर देवाकडे वळू शकत नाही, हे त्यालाही मान्य होतं. कृपा आधी येते, सगळ्यांकडे येते, तीच धरायची ताकद देते. फक्त ती झिडकारता येते, एवढंच त्याचं म्हणणं.

कॅल्विनची बाजू कुठे भारी पडते ते आईच्या शेवटच्या आजारात कळलं. तिला शुद्ध नव्हती, ओठ हलत नव्हते. माझ्या विश्वासावर काही अवलंबून नाही, धरणारा तो आहे, हे त्या रात्री मला फार पुरलं. वेस्लीच्या बाजूच्या सभांत उलट होतं. उपदेशक हात वर करायला सांगतात, कुणी करत नाही, मग शेवटचं कडवं पुन्हा, परत एकदा. गेल्या वर्षी हात वर केलेली माणसं यंदाही करतात. आधीचा होकार खरा नव्हता की काय, ही धाकधूक जात नाही.

तरीही माझा कौल फिरला तो एका गोष्टीने. आमच्या घरगुती प्रार्थनासभेत एक पोरगा पेटी वाजवायचा. बाप्तिस्म्याच्या वेळची त्याची साक्ष ऐकून भलेभले रडले होते. पुढे तो येईनासा झाला, देव वगैरे काही नसतं म्हणू लागला. एका सभेनंतर चहाचे कप गोळा होत असताना निकालही लागला: तो मुळात निवडलेलाच नव्हता. आपल्यातून निघून गेले ते मुळात आपले नव्हतेच, हे योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन तयारच होतं. पेटीवर होता तोवर कृपेचं उदाहरण, गेला की मागच्या तारखेने बाद! मग आज पेटीवर बसलाय त्याचं काय? कॅल्विनची सगळ्यात मोठी देणगी म्हणजे खात्री, आणि नेमकी तीच इथे पोकळ निघते.

निवडलेला असेल तर परत येईलच, असं कॅल्विनवाले म्हणतील. म्हणू देत, त्यांनाही त्याची कळकळ आहेच. पण वेस्लीच्या बाजूने त्याच्याबद्दल सरळ बोलता येतं: तो खरंच आत होता, स्वतःहून बाहेर गेला, दार बंद नाही. ऐकायला कडू आहे, पण त्याच्या आईला तोंडावर सांगता येतं. येशूने यरुशलेमला मी तुझी मुलं गोळा करू पाहिली पण तुम्हाला ते नको होतं असं म्हटलं, तेही मला मग वरवरचं वाटत नाही.

वेस्ली आणि त्याचा सोबती, पण कॅल्विनच्या मताचा उपदेशक व्हाइटफील्ड यांचं यावरूनच १७३९–४१ च्या सुमारास जाहीर बिनसलं, आणि तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारल्यावर लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ उपदेश वेस्लीनेच केला. तेव्हा घरात भांडण होईल म्हणून ठरवायचं टाळू नका. रात्री शंकेने झोप उडत असेल तर आधी कॅल्विनकडे जा, त्याचा उपयोग होईल. घरातलं कुणी मंडळी सोडून गेलं असेल तर मात्र मी वेस्लीच सुचवेन. आमचे पाळकसाहेब यावर रोमकरांस पत्राचा नववा अध्याय काढतात, देव हवी त्याच्यावर दया करतो असं सांगणारा, आणि तो अवघड आहे हे खरंच. मी त्यांना एवढंच म्हणतो, साहेब, अकराव्याच्या बत्तिसाव्या वचनापर्यंत वाचू या, तिथे देवाने सगळ्यांवर दया करावी असं म्हटलंय.