खास शास्त्रीय संगीतासाठीचे स्पीकर

गणपतीच्या तोंडावर रत्नागिरीतील एका मंगल कार्यालयात भरलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सेलमधून मी ७,५०० रुपयांना बुकशेल्फ (म्हणजे फळीवर मावतील एवढ्या छोट्या) स्पीकरची जोडी आणि सोबतचा छोटा ॲम्प्लिफायर घेतला आणि पुरता फसलो. असे सेल चार दिवसांत गाशा गुंडाळून पुढच्या गावी जातात, म्हणून चिपळूण-कणकवलीकडच्या मंडळींसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

विक्रेत्याने किमतीचा विषय काढलाच नाही. ‘काका, तुम्ही काय ऐकता?’ असे त्याने आपुलकीने विचारले. नाट्यसंगीत, अभंग आणि रात्री थोडा ख्याल, असे मी सांगताच त्याने ढिगातून एक खोका काढला आणि ही जोडी खास शास्त्रीय संगीतासाठीच बनवली असल्याचे ठासून सांगितले. (डीजेची गाणी ऐकणाऱ्यालाही त्याने त्याच ढिगातला खोका ‘खास’ म्हणून दिला असता, याबद्दल आता मला शंका नाही.) माझ्या पेन ड्राइव्हमधील ख्याल लावण्याची विनंती मी केली, तेव्हा पोर्ट बिघडल्याचे कारण सांगून त्याने स्वतःच्या मोबाइलवरचे दणदणीत गाणे मोठ्या आवाजात लावले. स्पीकर ठेवलेल्या टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारे कापड होते. त्याच्याआड मोठा वूफर, म्हणजे खर्जाचा वेगळा स्पीकर, लपवता येतो, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आले नाही.

घरी मात्र तानपुरा ऐकूच येईना, डग्ग्याचा घुमारा नाहीसा झाला आणि गायकाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटू लागला. आमचे घर जांभ्याचे, खोलीत गालिचा नाही की जाड पडदे नाहीत, त्यामुळे आवाज घुमत असेल असे समजून मी आठवडाभर दोष खोलीलाच देत राहिलो. स्पीकर भिंतीला टेकवले की खर्ज वाढतो, म्हणून तेही करून पाहिले. शेवटी भाच्याने मागचे चार स्क्रू काढले. ट्वीटरच्या, म्हणजे उंच स्वरांसाठीच्या छोट्या स्पीकरच्या, जाळीमागे काहीही नव्हते. पुढे नुसती चकती चिकटवलेली होती. एक स्वस्तातला कागदी शंकू, आणि पेटी जड लागावी म्हणून तळाशी सिमेंटचा गोळा.

खोक्यावर ‘२,००० वॅट पीएमपीओ’ (म्हणजे क्षणभर मिळू शकणारी कमाल शक्ती) असे छापले होते. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही; सतत किती शक्ती मिळते हे आरएमएसच्या आकड्यावरून कळते, आणि तो खोक्यावर कुठेही नव्हता. खरे तर ॲम्प्लिफायरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, २ अँपिअर असे स्पष्ट लिहिलेले होते. म्हणजे गुणाकार करून २४ वॅट. त्यातून २,००० वॅट सतत निघणे शक्यच नाही, एवढे गणित तिथल्या तिथे करता आले असते. शिवाय माझ्यासारख्या हळू आवाजात ऐकणाऱ्याला एवढे वॅट लागतही नाहीत. त्यापेक्षा स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीत तो किती मोठा आवाज देतो, हे विचारायला हवे होते, कारण ती ३ डेसिबलने कमी असली तर तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट शक्ती खर्ची पडते.

पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही, आणि दिलेला मोबाइल बंद. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला बसलो तेव्हा विक्रेत्याचे नाव-गाव म्हणून सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते. त्या मंगल कार्यालयात तोवर लग्नाचा मांडव उभा राहिला होता.