पळता घोडा काढताना पाय कुठे ठेवाल?

चौखूर उधळलेला घोडा कागदावर आणायचा तर तीन वाटा आहेत. तिन्ही एका चित्रात घुसवू नका, एवढं आधीच सांगतो.

जुनी वाट म्हणजे पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे, पोट जमिनीला समांतर. फ्रेंच चित्रकार जेरिकोने 1821च्या एप्सम डर्बीच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यतीच्या चित्रात (सध्या ते लूव्रमध्ये आहे) घोडे असेच हवेत तरंगत ठेवले. दिसतं झकास, पण असं होत नाही. 1878 साली छायाचित्रकार मायब्रिजने कॅलिफोर्नियात पालो आल्टोला धावपट्टीलगत 12 कॅमेरे ओळीने लावले आणि वाटेत आडवे दोरे ताणले. पळता पळता घोडी दोरा तोडी, की त्या कॅमेऱ्याचं शटर पडे. फोटोंत दिसलं, चारही खूर जमिनीवरून सुटतात खरे, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा.

मग फोटोवरूनच काढावं का? सांधे कुठे दुमडतात हे शिकायला दुसरा गुरू नाही; फ्रेंच चित्रकार देगानेही मायब्रिजच्या फोटोंचा आधार घेतला. मी एका व्हिडिओतली नेमकी तीच हवेतली फ्रेम थांबवून गिरवली. खूर, गुडघे, सगळं बिनचूक. घरात पहिला प्रश्न आला, "हा अडखळून पडतोय का?" शिल्पकार रोदँचं म्हणणं तेव्हा पटलं: काळ थांबत नसतो, म्हणून खोटं बोलतो तो फोटो, चित्रकार नव्हे.

तिसरी वाट पाय वाढवण्याची. फ्रान्समधल्या शोवे गुहेत आठ पायांचा बायसन आहे, म्हणजे कल्पना काही आजची नाही. इटालियन चित्रकार बाल्लाने 1912 मध्ये साखळीतल्या छोट्या कुत्र्याचे पाय, शेपटी, साखळीसुद्धा अनेकदा काढली. तिथे ते शोभतं, कारण बुटक्या कुत्र्याचं धड जवळपास सरळ रेषेत जातं, पाय तेवढे लुकलुकतात. घोड्याला हेच केलंत तर गोम होते.

कुत्रा, कोंबडी असेल तर बाल्ला. लांबून दिसणारी शर्यत असेल तर खुशाल जेरिको, खूर मोजायला कोणी येत नाही. एकच घोडा, जवळून असेल तर फोटोंची मालिका समोर ठेवा, पण हवेतली फ्रेम सोडून तिच्या पुढची घ्या: मागचा एक खूर नुकता टेकलाय, पुढचे पाय अजून झेपावतायत. मान थोडी जास्त ताणा. पोटाची रेघ एका दमात मारा, खोडरबर न घेता.